गॅम्बोज ह्यू: लेबलावरचा देश आणि नळीतला रंग

एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी घरी आणलेल्या जलरंगांच्या पेटीत बारा नळ्या होत्या आणि त्यांपैकी बहुतेकींची नावे वाचून आतल्या रंगाचा अंदाज बांधता येत असे. लेमन यलो म्हणजे लिंबासारखा आणि स्कार्लेट म्हणजे लालभडक, एवढे इंग्रजी सातवीतल्या मुलीलाही येत होते. एका नळीवर मात्र ‘गॅम्बोज’ असे छापलेले होते. हा शब्द शाळेच्या शब्दकोशात नव्हता, वडिलांनाही ठाऊक नव्हता, आणि चित्रकलेच्या सरांना विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘अगं, पिवळा तो पिवळा. लाव आणि पुढे चल.’’ मी तो लावला आणि पुढेही गेले. पण नाव डोक्यात राहिले ते राहिलेच.

यंदा एप्रिलमध्ये बहाव्याचे घोस रंगवायला घेतले तेव्हा हातातल्या एकाही पिवळ्याने साथ दिली नाही. लेमन यलो हिरवट पडत होता आणि कॅडमियम यलो कागदावर जड, चुन्यात कालवल्यासारखा बसत होता, त्यामुळे पाकळीतून आरपार येणारे ऊन काही केल्या साधेना. तेव्हा एका नामांकित कंपनीची ‘गॅम्बोज ह्यू’ ही पाच मिलिलिटरची नळी मागवली, आणि एवीतेवी त्या नावापाशी पुन्हा आलेच होते म्हणून परदेशी नैसर्गिक रंगद्रव्ये विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानातून अस्सल गॅम्बोजचा दहा ग्रॅमचा तुकडाही घेतला. दोन्ही वस्तू साडेतीन महिने वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. चित्रकाराच्या दृष्टीने या दोन वस्तूंमध्ये नावाखेरीज फारसे काही समान नाही, आणि लेबलावरचा ‘ह्यू’ हा छोटासा शब्द ‘गॅम्बोज’पेक्षा अधिक लक्ष देऊन वाचायला हवा, असे माझे मत झाले आहे.

आधी नावाविषयी. गॅम्बोज म्हणजे कंबोडिया. कंबुज या देशनामाची युरोपीय जिभेवर जी अनेक रूपे झाली त्यांतून लॅटिनमध्ये ‘कॅम्बोजिया’, ‘गॅम्बोजियम’ अशी औषधविक्रेत्यांची नावे तयार झाली आणि इंग्रजीत त्याचे गॅम्बोज झाले. आपल्याकडे रंगाला वस्तूचे नाव देण्याची रीत आहे: तपकीर पाहिली की तपकिरी कळतो, डाळिंब सोलले की डाळिंबी कळतो, आणि खाकीच्या पोटात धूळ या अर्थाचा फारसी ‘खाक’ आहे हे एकदा कोणी सांगितले की तोही विसरत नाही. गावाचे किंवा देशाचे नाव घेतलेले रंग मात्र नावावरून डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत. मॅजेंटा हे इटलीतले गाव असून तिथे 1859 मध्ये लढाई झाली आणि त्याच सुमारास निघालेल्या नव्या कृत्रिम रंगाला तिचे नाव चिकटले, हे माहीत नसतानाही आपण मॅजेंटा ब्लाउज शिवतोच. गॅम्बोजची गोष्ट त्याहून सरळ आहे, कारण तो खरोखरच त्या देशातून येत असे. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती हा पदार्थ 1603 मध्ये आला, तो डच दर्यावर्दी याकोब फान नेक याने पूर्वेकडून आणला होता. पुढे डच आणि इंग्रज ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून तो युरोपच्या रंगपेट्यांत नियमित जाऊ लागला. जर्मन भाषेत त्याला ‘गुम्मीगुट’ म्हणतात. त्यातला ‘गुम्मी’ म्हणजे डिंक आणि ‘गुट’च्या मुळाशी मलाय भाषेतला ‘गेताह’ म्हणजे झाडाचा चीक, तेव्हा या रंगाचे जर्मन नाव शब्दशः डिंक-चीक असे होते. वस्तू नेमकी तीच आहे.

या नावाने मलाही एकदा चकवले आहे. जुन्या देशी वैद्यकात गॅम्बोजला ‘उसारे रेवंद’ किंवा ‘रेवाचिनीचा शिरा’ म्हणत असत असे वाचनात आले होते. अस्सल तुकडा परदेशातून मागवण्याआधी तो इथेच मिळाला तर बरे, म्हणून पुण्यातल्या एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन रेवाचिनीचा शिरा मागितला. दुकानदारकाकांनी क्षणाचाही विचार न करता कागदाची पुडी बांधून दिली. घरी येऊन उघडली तर आत पिवळसर तांबूस मुळ्यांचे तुकडे निघाले. ती रेवंदचिनी, म्हणजे हिमालयाकडची एक रेचक मुळी होती. दुसऱ्या दिवशी पुडी घेऊन परत गेले तेव्हा काका शांतपणे म्हणाले, ‘‘ताई, शिरा म्हणून आता कुणी मागत नाही. रेवाचिनी म्हटलं की हीच.’’ त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. गॅम्बोज आणि रेवंदचिनी दोन्ही पिवळे आणि दोन्ही पोट साफ करणारे, एवढ्या साम्यावर पूर्वीच्या लोकांनी झाडाच्या चिकाला मुळीचा अर्क ठरवले आणि नाव लावून टाकले. तो घोटाळा माझ्या पुडीपर्यंत येऊन पोचला इतकेच. त्या मुळीचे काय केले ते इथे सांगण्याचे कारण नाही.

आता अस्सल गॅम्बोजचे ढेकूळ. गार्सिनिया हॅनबुराय नावाचा मध्यम उंचीचा सदाहरित वृक्ष कंबोडिया, थायलंड आणि व्हिएतनामच्या दक्षिण भागात होतो. झाड निदान दहा वर्षांचे झाल्यावर त्याच्या सालीला चिरा पाडून खाली बांबूची नळी बांधतात. दाट पिवळा चीक तिच्यात थेंबथेंब गळत राहतो आणि नळी भरायला महिनेच्या महिने जातात. मग ती आचेवर धरून आतला चीक घट्ट करतात आणि बांबू फोडून काढतात. माझ्याकडे आलेला तुकडा अशाच एका कांडीचा होता, आणि त्याची पहिली खूण हीच की त्याच्या पाठीवर बांबूच्या आतल्या बाजूच्या उभ्या बारीक रेषा जशाच्या तशा उमटलेल्या होत्या. बाकी पाहायला तो अगदी निरुत्साही दिसतो. मळकट तपकिरी, वर किंचित पिवळी धूळ, वजनाला हलका. स्वयंपाकघरातल्या हिंगाच्या खड्यांत टाकला तर वेगळा काढता येणार नाही. एक कोपरा तोडला तर तो काचेसारखा फुटला आणि आतली बाजू शिंपल्याच्या पाठीसारखी गुळगुळीत, लालसर तपकिरी निघाली. यात पिवळे कुठे आहे, अशी शंका यावी.

मग ओला ब्रश त्यावर फिरवला. ब्रशचे टोक टेकल्याबरोबर त्या मातकट पृष्ठभागावर एक दुधाळ पिवळा थेंब उमटला, दुसऱ्या फेऱ्यात तो दाट झाला, आणि कागदावर ओढल्यावर असा काही लख्ख पिवळा पसरला की मी घरातल्यांना हाक मारून दाखवला. हळदीपेक्षा उजळ आणि केशरापेक्षा थंड, खाली कागदाचा पांढरा जसाच्या तसा ठेवणारा. बहाव्याच्या पाकळीला जे हवे होते ते हेच. यात राळ अधिक, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, आणि बाकीचा बहुतेक भाग पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा असतो. पाणी लागताच डिंक विरघळतो आणि राळेचे अतिसूक्ष्म कण त्यात तरंगू लागतात, म्हणून या रंगाला वेगळा बाभळीचा डिंक घालावा लागत नाही. झाडाने जलरंग तयार करूनच दिलेला असतो म्हणा ना. जाड थर दिला तर मात्र वाळल्यावर त्याला वार्निशासारखी चमक येते आणि पातळ थरांच्या शेजारी ती डोळ्यांना खुपते. पातळच लावावा.

ते तरंगणारे कण विज्ञानाच्याही कामी आले आहेत. झाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1908 च्या सुमारास गॅम्बोजच्या एकसारख्या आकाराच्या कणांची पाण्यातली हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली मोजून, आइन्स्टाइनने 1905 मध्ये मांडलेल्या गणिताचा पडताळा घेतला आणि रेणू खरोखर असतात हे शंकेखोरांना मान्य करायला लावले. त्यासाठी एक किलो गॅम्बोज घेऊन कित्येक महिने तो कण निवडत होता आणि हाती लागले ते हवे त्या आकाराचे काही डेसिग्रॅम कण. पेरँला 1926 चे नोबेल मिळाले. माझ्या दहा ग्रॅमच्या तुकड्याला मी भलतीच जपून वागवते, त्यामागे या किलोभर रंगाचा थोडा हेवाही आहे.

कोकणातल्या वाचकाला या झाडाची ओळख परकी वाटण्याचे कारण नाही, कारण गार्सिनिया हे कुळनाव आपल्या रातांब्याचेच आहे. गार्सिनिया इंडिका म्हणजे कोकम. आमसुलासाठी रातांबे फोडताना एखादे फळ अर्धेकच्चे निघाले तर बोटांना जो पिवळा चिकट चीक लागतो आणि साबणाने सहजासहजी जात नाही, तो याच घराण्याचा वारसा आहे. आजीच्या परसातल्या रातांब्याखाली बसून लाल बोटांची तक्रार सगळ्यांनी केली असेल, पण त्या पिवळ्या डागाकडे कोणी लक्ष दिल्याचे आठवत नाही. सह्याद्रीत आणि श्रीलंकेत याच कुळातले गार्सिनिया मोरेला हे झाड आहे आणि त्याच्यापासूनही गॅम्बोज मिळतो. वजन कमी करण्याच्या जाहिरातींमध्ये मिरवणारे ‘गार्सिनिया कॅम्बोजिया’ मात्र वेगळे: ते केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या आंबट कुडमपुळीचे झाड असून, कंबोडियाशी त्याचा संबंध नावापुरता होता. आता तर वनस्पतिशास्त्रज्ञांनी तेही नाव बदलून गार्सिनिया गम्मी-गट्टा केले आहे. रंगाच्या शोधात निघून गोळ्यांच्या दुकानात पोचू नये म्हणून हे सांगितले.

नळीकडे वळते. रंगांच्या व्यापारात ‘ह्यू’ याचा अर्थ असा की लेबलावर ज्या द्रव्याचे नाव आहे ते आत नाही, त्याच्यासारखा दिसणारा रंग दुसऱ्या द्रव्यांतून जुळवला आहे. यात फसवणूक नाही, कारण कंपनी तसे लिहूनच देते. पण हा शब्द ‘छटा’ या सर्वसाधारण अर्थाने वाचला जातो आणि घेणाऱ्याचा गैरसमज होतो. खरी माहिती नळीच्या मागच्या बाजूला असते. अस्सल गॅम्बोजचा रंगद्रव्य क्रमांक एनवाय 24 आहे आणि त्यातले ‘एन’ नैसर्गिक द्रव्याचे. माझ्या नळीवर पीवाय 150 आणि पीआर 209 असे दोन क्रमांक होते, म्हणजे निकेलयुक्त अ‍ॅझो पिवळा आणि त्याला ऊब देण्यासाठी मिसळलेला क्विनॅक्रिडोन जातीचा लाल. ही अक्षरे इतकी बारीक आणि चंदेरी पत्र्यावर इतक्या फिकट शाईत छापलेली आहेत की मला ती भिंगाखाली धरून, नळी उन्हात तिरकी करून वाचावी लागली. पाच मिलिलिटरला सहाशेहून अधिक रुपये घेणाऱ्या कंपनीला काळी शाई परवडायला हरकत नव्हती.

तक्रार इथे संपत नाही, पण यापुढची किरकोळ आहे. पुष्कळ पाण्यात सोडलेला पातळ हात वाळताना या नळीच्या रंगातला लाल थोडा पुढे पळतो आणि ओघळाच्या कडेला गुलाबीसर रेघ उमटते. बहाव्याच्या पाकळीवर ती खपून गेली, किंबहुना एक-दोन ठिकाणी शोभलीही. पण सोनटक्क्याच्या मध्यभागातली नाजूक पिवळी झाक देताना तिने चित्र बिघडवले. कागद 300 ग्रॅमचा सुती होता, म्हणजे दोष कागदावर ढकलता येत नाही. याखेरीज नळी उत्तम आहे. रंग पारदर्शक आहे, ओल्यावर ओला लावला तरी मळत नाही, पॅलेटवर वाळून खडा झाला तरी दुसऱ्या दिवशी ब्रश फिरवताच उठतो, आणि नळीच्या तोंडाशी डिंकाचे पाणी वेगळे साचत नाही. अस्सल तुकड्याशेजारी ठेवला तर पट्टी किंचित नारिंगीकडे झुकते, एवढाच फरक डोळ्यांना जाणवतो.

हिरवा बनवताना दोघांची खरी परीक्षा झाली. वनस्पतींची चित्रे काढणारे ज्याला हूकर्स ग्रीन म्हणतात तो मूळचा गॅम्बोज आणि प्रशियन ब्लू यांचे मिश्रण होता, आणि लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीसाठी फळांची चित्रे काढणाऱ्या विल्यम हूकर या चित्रकाराचे नाव त्याला मिळाले. क्यू उद्यानाचे संचालक विल्यम जॅक्सन हूकर ते निराळे, आणि गार्सिनिया हॅनबुराय हे नामकरण करणारे जोसेफ डाल्टन हूकर म्हणजे त्या संचालकांचे चिरंजीव. एकाच रंगाच्या आसपास इतके हूकर जमल्यामुळे भल्याभल्यांची गल्लत होते. मी दोन्ही पिवळ्यांत तोच प्रशियन ब्लू घातला. अस्सल गॅम्बोजचा हिरवा पानाच्या कोवळ्या शेंड्यासारखा, आतून ओलसर दिसणारा आला. नळीचा हिरवा त्यातल्या लालामुळे जरा जून, आंब्याच्या जुन्या पानाकडे जाणारा आला. बहाव्याची एप्रिलमधली पालवी पहिल्याने जमली आणि जुनी पाने दुसऱ्याने, म्हणून एकाच चित्रात दोघांना जागा मिळाली.

ते चित्र मी विकणार नाही, कारण ते टिकणार नाही. अस्सल गॅम्बोज उजेडात उडतो हे ऐकून होते, तरी स्वतः पाहावे म्हणून एकाच कागदावर दोन्हींच्या पट्ट्या ओढल्या, अर्ध्या भागावर काळा जाड पुठ्ठा चिकटवला आणि तो कागद ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून लावून दिला. एप्रिलचे शेवटचे दिवस, सगळा मे आणि पाऊस लागेपर्यंतचा जून एवढे ऊन त्याला मिळाले. पुठ्ठा काढला तेव्हा नळीची पट्टी वरून खालपर्यंत एकसारखी होती, जोड शोधूनही सापडेना. ढेकळाच्या पट्टीवर मात्र पुठ्ठ्याची कड सुरीने कापल्यासारखी उमटली होती: झाकलेला भाग तसाच लख्ख, उघडा भाग ताकात हळदीचे बोट बुडवावे तसा. दिवाणखान्यात लावायच्या चित्रासाठी अस्सल गॅम्बोज वापरू नये, हे मला यापुढे कोणी सांगण्याची गरज नाही. मिटलेल्या वहीत, हस्तलिखितात तो टिकतो. थायलंडमधल्या काळ्या कागदाच्या घडीच्या पोथ्यांवर याच चिकाने लिहिलेली पिवळी अक्षरे आजही वाचता येतात, कारण पोथी बहुतेक काळ मिटलेलीच असते.

मोठ्या रंगकंपन्यांनी खरा गॅम्बोज सोडून दिला त्याचे एक कारण हे उजेडात न टिकणे, दुसरे त्याचा जहालपणा, आणि तिसरे पुरवठ्याची बेभरवशी वाट. विन्सर अँड न्यूटनने तो 2005 च्या सुमारास बंद केला. त्याआधी कंबोडियातून त्यांच्याकडे आलेल्या गॅम्बोजमध्ये बंदुकीच्या गोळ्या रुतलेल्या सापडल्या होत्या. ज्या रानात चिकाच्या नळ्या बांधल्या होत्या तिथेच युद्ध झाले होते, आणि चीक गळत राहिला होता. हे वाचल्यापासून माझ्या तुकड्यावरच्या बांबूच्या रेषांकडे मला पूर्वीसारखे निव्वळ कौतुकाने पाहता येत नाही.

जहालपणाविषयी दुकानाने काहीच कळवले नाही, आणि ही माझी त्यांच्याबद्दलची एकमेव गंभीर तक्रार आहे. पुडीवर वजन, देश आणि लॅटिन नाव छापले होते, पण हा पदार्थ पोटात गेल्यास अतितीव्र रेचक आहे आणि जास्त मात्रेत जिवावर बेतू शकतो याचा उल्लेख कुठेच नव्हता. ब्रशचे टोक ओठांत धरून जुळवण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना शाळेपासून आहे. हा रंग वापरताना ती मोडावी, बारीक चुरा हुंगू नये, आणि मुलांच्या हाती तुकडा पडू देऊ नये. बाकी पाठवणी नीट होती, कापसात गुंडाळलेला तुकडा अखंड आला. दहा ग्रॅमला टपाल धरून दोन हजारांच्या आसपास खर्च आला, पण तो इतका थोडा लागतो की साडेतीन महिन्यांत त्याचा एक कोपरा जेमतेम गोल झाला आहे.

रोजच्या कामासाठी आणि भिंतीवर लागणाऱ्या चित्रांसाठी नळी घ्यावी, असेच मी सांगेन. घेताना पुढचे नाव न पाहता मागचे क्रमांक पाहावेत आणि गुलाबी कडेची अडचण नको असेल तर एकाच द्रव्याची नळी शोधावी. ढेकूळ त्यानेच घ्यावे ज्याला वहीत चित्रे काढायची आहेत आणि मातकट खड्यातून पिवळा उगवताना पाहण्यासाठी दोन हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. मी दुसरी नळी कालच मागवली आहे. ढेकूळ झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून, वर लाल शाईने ‘खाऊ नये’ असे लिहून, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले आहे, कारण पहिल्याच आठवड्यात ते कोणीतरी हिंग समजून मिसळणाच्या डब्याशेजारी नेऊन ठेवले होते.